गवंडीकाकांचं दार

“हॉलमध्ये मोठा टीव्ही लावू,” रुग्णाश्रमाचे अधीक्षक म्हणाले. “सगळ्यांची करमणूक होईल.”

ट्रस्टच्या बाईंनी ते लिहून घेतलं आणि दारात चादरींचा गठ्ठा घेऊन उभ्या असलेल्या मावशींकडे पाहिलं. “तुम्ही किती वर्षं आहात इथे?”

“एकोणीस.”

“मग तुम्ही सांगा ना. औषधपाणी, जेवण सोडून. इथल्या माणसांना बरं वाटेल असं काहीतरी. देणगी त्याचसाठी आहे.”

अंथरुणाला खिळलेल्यांचं अंग पुसायचं, कूस बदलायची, केस विंचरायचे, हे मावशींचं काम. त्यांचं मत आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी अधीक्षकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “टीव्ही नको. मागच्या वॉर्डाचं दार मोठं करा. पलंग बाहेर जात नाही त्यातून.”

“अहो, भिंत फोडायची म्हणजे धूळ, आवाज!” अधीक्षक म्हणाले. “पेशंटना कोण सांभाळणार?”

“मी बघते, साहेब.”

बोलून तर बसल्या. पण त्यांच्या डोळ्यांसमोर गवंडीकाका होते. बांधकामावर परांचीवरून पडून काका कमरेखाली लुळे झाले होते. पाठ धरत नसल्यामुळे खुर्चीतही बसवता येत नव्हतं. सहा वर्षं ते छताकडे बघत पडून होते आणि अलीकडे ताट अर्धं परत पाठवत होते. दारापलीकडे अंगण होतं. “चार बोटं कमी पडतात हो मावशी,” ते म्हणायचे. “ही चौकट बसवणारा एकदा भेटू दे मला!”

महिन्याभराने काम सुरू झालं. मावशींनी सगळे पलंग एका भिंतीशी ओढले, ओल्या चादरींचे पडदे बांधले. काकांनी मात्र आपला पडदा बाजूला करायला लावला.

“अरे, उंबरा कशाला ठेवतोस? चाकं काय उडी मारणार?”

“आजोबा, तुम्ही पडून राहा बघू,” कारागीर वैतागला.

“पडूनच आहे की! आधी ओळंबा लाव. डावी बाजू कलली आहे.”

कारागिराने नाइलाजाने ओळंबा सोडला. भिंत बोटभर कलली होती. तो खाली उतरला, पलंगाशी आला आणि हळूच म्हणाला, “मिस्त्री, उतार किती देऊ?”

त्या दिवशी काकांनी ताट चाटूनपुसून साफ केलं.

प्लास्टर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मावशींनी पलंगाचा ब्रेक काढला. “चला!”

“हात लावू नका! ओलं आहे अजून. धक्का लागला तर कोपरा उडेल. सात दिवस पाणी मारा.”

“आता तुम्हीच आडवे येताय होय?”

“सहा वर्षं थांबलो, तिथे सात दिवसांचं काय एवढं?”

मावशी सकाळ-संध्याकाळ पाणी मारू लागल्या. पाचव्या दिवशी काकांना ताप भरला. छातीत घरघर सुरू झाली. मावशींचा जीव थाऱ्यावर राहिना. पाणी मारताना त्या स्वतःवरच चिडायच्या. त्याच दिवशी का नाही नेलं, ऐकलंच कशाला या हट्टी माणसाचं? दहाव्या दिवशी ताप उतरला. काका अगदी चिपाड झाले होते. “वाळलं का?” एवढंच त्यांनी विचारलं.

पलंग उतारावरून एकटीला नेता येईना. मावशी कुणाला हाक मारावी म्हणून वळल्या, तर अधीक्षक बाह्या सरसावून पायथ्याशी उभे. “कोपरा सांभाळा हं,” तेच मावशींना बजावत होते.

पलंग कुठेही न घासता बाहेर आला.

काकांनी आभाळाकडे पाहिलंच नाही. मान वळवून ते दाराकडे पाहत राहिले, वरपासून खालपर्यंत, बराच वेळ. “बाहेरूनही बरं दिसतंय,” म्हणाले. मग ऊन अंगावर घेत त्यांनी डोळे मिटले, आणि थोड्याच वेळात घोरू लागले.

अजून सहा पलंगांच्या चादरी बदलायच्या होत्या. ऊन सरकत काकांच्या डोळ्यांवर आलं. मावशी दोन पावलं पुढे झाल्या आणि आपली सावली त्यांच्या चेहऱ्यावर पडेल अशा बेताने उभ्या राहिल्या.