पुढच्या मॉडेलचं हेड

शेवटचा बोल्ट काढून तिने लाकडी दांड्याने इंजिनावरच्या हेडला दोन्ही बाजूंनी हलके ठोके दिले. ते खालच्या ब्लॉकवरून सुटल्यावर तिने पोटाशी धरून टेबलावर आणलं आणि उलटं ठेवलं. बेकरीवाले काका स्टुलावरून उठून तिच्यामागे येऊन उभे राहिले. त्यांची पावाची व्हॅन आजवर तिचा नवराच बघायचा, पण तो स्पेअर पार्ट आणायला बाजारात गेला होता आणि काकांना थांबायला वेळ नव्हता.

“चढ दिसला की ताप येतो हिला,” काका म्हणाले. “परीक्षेच्या दिवशी पोरांना येतो तसा. पाणी नेमकं कुठं मुरतंय तेवढं शोध बघू.”

शोधायला फार वेळ लागला नाही. हेडच्या मागच्या कोपऱ्यात पाण्याचं एक भोक जास्त होतं. व्हॅनच्या ब्लॉकवर त्या जागी नुसतं सपाट लोखंड, आणि दोन्हींच्या मधे पाणी अडवणारं जुन्या मॉडेलचं गास्केट तिथे इतकं अरुंद, की भोक अर्धंच झाकलं गेलेलं. इंजिनावर जोर आला की पाणी तिथून झिरपत होतं. इंजिन एकच, पण हेड दोन वर्षं पुढच्या मॉडेलचं. बसवणाऱ्याने हा फरक पाहिला नव्हता, किंवा पाहून सोडून दिला होता. असली उरकाउरकी पाहिली की तिचं डोकं फिरायचं.

तिने फडक्याने कडेची काजळी पुसली. सायलेन्सरच्या बाजूला एका स्टडच्या खुंटीभोवती पितळी बुशचं कडं होतं, जरा तिरकं बसलेलं. ती तिथेच थांबली.

ते बुश तिनेच बसवलं होतं. तुटलेला स्टड काढताना तिच्या हातातलं ड्रिल घसरलं होतं. “वाकडं पण घट्ट, अगदी तुझ्यासारखं,” असं म्हणून नवऱ्याने तिला आठवडाभर चिडवलं होतं.

हे तिच्या गाडीचं हेड होतं. ती गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी होती. भंगारातून उचलून तिने एकटीने उभी केलेली. ती चालवत रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांपर्यंत आपणच पाने घेऊन जायचं, हे तिच्या मनात कधीपासून होतं. फक्त हेड चढवायचं राहिलं होतं. तेवढ्यात आई आजारी पडली म्हणून ती माहेरी गेली, आणि परत आली तेव्हा नवऱ्याने ‘तुझं हेड गेलं’ म्हणत एक काळंकुट्ट हेड दुरूनच दाखवलं, भेगेवर बोट ठेवून. ती रडली. त्याने चहा केला, पाठीवरून हात फिरवला. मॉडेलचा नंबर बघायचं तिला सुचलंही नाही. घरच्या माणसाने दाखवलेली भेग कोण तपासून घेतं? तेव्हापासून तो प्रत्येक वेळी बाजारातून येऊन सांगायचा, त्या सालचं हेड कुठेच मिळत नाही.

“काका, हे हेड कधी बसवलं?”

“गेल्या वर्षी. तू आईकडे गेली होतीस ना, तेव्हा. माझ्या हेडला मोठी भेग पडली होती.”

म्हणजे ती भेगही काकांच्याच हेडची होती.

“केवढ्याला पडलं?”

तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, पण त्या उत्तरावर तिची सारी आशा होती. तेव्हा गॅरेजचं भाडं थकलं होतं. नड होती म्हणून विकलं असेल, तर चार दिवस भांडून सोडून देता आलं असतं.

“छे गं! एक पैसा घेतला नाही त्याने. म्हणाला, पडूनच आहे, घेऊन टाका. फक्त गाडी दुसऱ्या कुणाला दाखवू नका म्हणाला. सोन्यासारखा माणूस.”

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. पैशासाठी नाही, अडचणीपोटी नाही. तिची गाडी चालू होऊ नये, एवढ्याचसाठी.

“काका, गाडी इथेच राहू द्या. हे हेड तुमच्या मॉडेलचं नाही. तुमचं भेगेचं हेड इथेच पडलंय, तेच वेल्ड करून बसवून देते.”

“माझं काही चुकलं का, पोरी?”

“तुमचं काही नाही.”

काका गेल्यावर ती पात्याने हेडवरचं चिकटलेलं गास्केट खरवडत बसली. नवरा खोकं घेऊन आत आला, त्याने आधी उघडी व्हॅन पाहिली, मग टेबल. खोकं त्याच्या हातातच राहिलं.

“मी सांगणारच होतो.”

ती खरवडत राहिली.

“पैसे तरी घ्यायचेस,” ती म्हणाली.

त्याने खोकं खाली ठेवलं. मग जमिनीकडे बघतच म्हणाला, “एकदा बाहेर पडली असतीस, की तू कशाला परत आली असतीस? काय आहे इथे? हे गॅरेज, आणि मी.”

तिचं पातं थांबलं. त्याला खरंच तसं वाटत होतं, हे तिला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं, आणि त्याने तिला जास्तच लागलं.

तो हेडला हात लावायला पुढे आला. तिने ते त्याच्याआधी उचललं.

“तेव्हा आले असते,” ती म्हणाली. “रोज संध्याकाळी आले असते.”