वीतभर काळी

"पहार मारून बघू द्या म्हना की," भिवराबाई नवऱ्याच्या कानाशी लागली. धोंडीरामनं तिच्याकडं असं बघितलं, जसं काही तिनं बबनरावांच्या खिशात हात घालायला सांगितलं होतं.

"येडी का काय? चेअरमन हायेत ते. त्यांच्यादेखत त्यांचं रान खणायचं?"

सोसायटीचे चेअरमन बबनराव बांधावर उभे होते. पुढं दोन एकर काळंभोर रान पसरलं होतं. बारा वर्षं नवराबायकोनं परमुलखात ऊस तोडला तो असल्या रानासाठी. एकदा बांध आपला झाला की कोयत्याला हात लावायचा नाही, असं भिवराबाईनं मनाशी पक्कं केलं होतं.

"घे, बघ हातात," बबनराव म्हणाले. धोंडीरामनं मूठभर माती उचलली आणि कपाळाला लावली. झालं! कपाळाला माती लागल्यावर खणायचं कुणी काढायचं? भिवराबाई गप बसली. त्या गप बसण्याचा राग तिला पुढं जन्मभर आला.

साठवलेले पैसे मोजून रान घेतलं, मृगात कपाशी लावली. गुडघ्याला लागेपर्यंत झाडं अशी तरारली, की धोंडीराम येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारून दाखवायचा. श्रावणात पावसानं वीस दिवस दडी मारली. शेजारच्या रानातली कपाशी नुसती मलूल झाली, यांची मात्र पिवळी पडून माना टाकायला लागली. भिवराबाईनं एक झाड उपटलं. मूळ वीतभर खाली जाऊन आडवं वळलं होतं. तिनं खुरप्यानं उकरलं, तर खाली पांढरा मुरूम, आणि वरच्या काळ्या मातीत तळ्यातले बारीक शिंपले.

तिनं एक शिंपला उचलला आणि तिला आठवलं. दुष्काळात तळं आटलं तेव्हा सोसायटीनं गाळ काढायचं काम काढलं होतं. उन्हाळाभर या दोघांनीच पाट्या भरून ट्रॉल्यांत टाकल्या होत्या. ट्रॉल्या डोंगरापल्याड कुठं रित्या होतात, हे रोजगाऱ्यानं कशाला विचारावं? आपणच भरलेला गाळ आपण रान म्हणून विकत घेतला होता.

धोंडीराम तणतणत बबनरावांकडं गेला. ते पान लावत बसले होते.

"सभासदांचा गाळ सभासदाच्या रानात पडला, त्यात माझं काय चुकलं?" ते म्हणाले. "माती काळी हाय का न्हाई? खाली काय हाय, हे तू कावून इचारलं न्हाई?"

धोंडीराम तसाच माघारी फिरला. दसऱ्याला दोघं पुन्हा ऊसतोडीला गेले.

उन्हाळ्यात त्यांच्या टोळीतला सिदू बायकोला घेऊन रान बघायला आला. धोंडीरामनंच त्याला बोलावलं होतं. रान विकायचं, एवढंच त्यानं भिवराबाईला सांगितलं होतं.

"काळंभोर हाय की!" सिदूचे डोळे भरून आले. "आमच्या आष्टीकडं असली माती बघायला मिळत न्हाई."

धोंडीराम जमिनीकडं बघत राहिला. भिवराबाईला ते सोसवेना.

"सिदू, घेऊ नको बाबा. वीतभर गाळ हाय, खाली मुरूम. आमी फसलोत."

सिदू हसला. "विकायचं मनात न्हाई तुमच्या, मावशी. कळतंय मला. इतकं चांगलं रान कुणाला सोडवंल?"

"आरं, खरं सांगतेय!"

"मी पण जिवापाड जपीन. नगा काळजी करू."

भिवराबाई तरातरा खोपीत गेली, पहार घेऊन आली आणि त्याच्यासमोर दोन्ही हातांनी मारली. टण्ण! हाताला झिणझिण्या आल्या. चार पावलं सरकून पुन्हा मारली. तिथंही तेच. सिदूची बायको घाबरून नवऱ्याकडं बघायला लागली.

"एखादा दगड आसंल," सिदू म्हणाला, आणि रानाची लांबी पावलांनी मोजत पलीकडच्या बांधाकडं निघाला.