पायरीवर टेकवलेली कडी

मित्रांनो, मी एक जुनी मोजणीची टेप आहे. शंभर फुटांची, पिवळी, चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेली. माझ्यासारख्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की आधी स्वतःची थोरवी गातात. मला ती सोय उरलेली नाही. मी एका बाईला फसवलं, आणि तेही एकही आकडा चुकीचा न दाखवता.

कारखान्यात विणलेल्या धाग्यांवर पिवळा थर चढवून मला घडवलं. अंगावर आकडे छापले, टोकाला पितळेची कडी बसवली. तपासणीच्या बाईंनी मला पोलादी पट्टीशेजारी ताणून धरलं आणि म्हणाल्या, "ही बरोबर आहे." तेवढ्या बोलण्यावर मी वीस वर्षं मिरवले.

मग मी नगरपालिकेतल्या एका मोजणीदाराच्या हाती आले. माणूस किडकिडीत, तोंडाने फटकळ, कामाला चोख. रस्ता मोजायचा तर कडी भिंतीच्या बुडालाच टेकवायची, ही त्याची रीत. भिंतीपाशी गटार असो की उकिरडा, तो गुडघ्यांवर बसायचा, हात आत घालायचा आणि कडी भिंतीला भिडली की मगच पलीकडच्याला "ओढ" म्हणायचा. कचेरीतले लोक हसायचे. "आमचे मोजणीदार भिंती हुंगतात," म्हणायचे. पण कुंपणावरून एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले दोन भाऊ आमचा आकडा ऐकून गुमान घरी गेलेले मी पाहिले आहेत. तेव्हा मला वाटायचं, ही किमया माझी. तो मान त्याच्या गुडघ्यांचा होता हे मला फार उशिरा कळलं.

मोजणीदाराची एक भाची होती, सख्ख्या बहिणीची मुलगी. पावाच्या कारखान्यात कामाला. रोज सकाळी लेकीला सायकलच्या कॅरिअरवर बसवायची, बाजाररस्त्यावरच्या गर्दीतून वाट काढत शाळेत सोडायची आणि तशीच पुढे कामावर जायची. एके दिवशी मागून आलेल्या बसच्या आरशाने लेकीचं कोपर मोडलं. प्लास्टर उतरलं, पण पोर सायकलवर बसेना. चालत न्यावं तर आईला कामावर उशीर. मुकादमाने बजावलं होतं की आणखी चारदा उशीर झाला तर येऊच नकोस. म्हणजे एक तर लेकीची शाळा सुटणार, नाही तर आईचं काम.

रडत बसणारी ती नव्हती. दारोदार फिरून तिने तीनशे सह्या गोळा केल्या: बाजाररस्त्यावर सायकलींसाठी वेगळा पट्टा आखून द्या. नगरपालिकेचे इंजिनियर म्हणाले, रस्ता चाळीस फूट भरला तर दोन्ही बाजूंना पट्टा बसेल, मोजून घ्या. मोजायला आम्हालाच पाठवलं. भाची म्हणाली, "मामा मोजणार म्हणजे मला घोर नाही."

भर दुपारी आम्ही कापड दुकानासमोर पोचलो. दुकानाच्या तीन पायऱ्या रस्त्यावर उतरलेल्या. एकेका वर्षी एकेक वाढलेली, कुणी हटकलं नव्हतं. मोजणीदार गुडघे धरून वाकू लागला, तोच दुकानदार धावत आला. मागून नोकराने खुर्ची आणली, सरबत आणलं.

"साहेब, या वयात कुठं त्या सांदीत शिरता? इथं पायरीला लावा की."

"रस्ता भिंतीपासून धरतात," मोजणीदार म्हणाला. पण तो खुर्चीवर बसला होता.

"भिंत काय पळून चाललीय? अहो, चालणारा माणूस पायरीच्या अलीकडूनच चालतो ना? झालं तर मग. बर्फ वितळतोय, घ्या."

त्याने सरबत घेतलं. गुडघे खरंच दुखत होते, हे मी त्याच्या बाजूने सांगते. त्याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही. त्याने बसल्या जागेवरून कडी खालच्या पायरीवर टेकवली. समोर औषधाच्या दुकानाने उतार बांधलेला होता. इकडे पायरी धरली, मग तिकडे भिंत कोणत्या तोंडाने धरणार? आकडा आला साडेछत्तीस. मी जितकी ताणली गेले तितकं बरोबर दाखवलं. साडेचार फूट रस्ता दोन दुकानांच्या पोटात राहिला.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. कापडवाला उठला. "सायकलवाल्यांना रस्ता दिला तर माझं गिऱ्हाईक गाडी कुठं लावणार? माझ्या डोक्यावर?"

"काका, डोक्यावर जागा नाही तुमच्या," भाची म्हणाली. "तिथं तीन पायऱ्या आधीच चढल्यात."

लोक खदाखदा हसले. इंजिनियरांनी मला डबीतून ओढून सगळ्यांसमोर धरलं. "ताई, तुमचं दुःख कळतं. पण रस्ता काही रबराचा नाही. साडेछत्तीस फूट भरला."

भाची मोजणीदाराकडे वळली. "मामा, भिंतीपासून मोजलंत ना?"

मोजणीदाराने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नेहमीसारखंच मोजलं," तो म्हणाला.

ती लोकांकडे वळून म्हणाली, "मामा सांगतात म्हणजे तसंच असणार. मी अर्ज मागे घेते." तीनशे सह्यांचा गठ्ठा उचलून ती खाली बसली. त्या वेळी इंजिनियरांच्या हातात मी सगळ्यांसमोर लोंबकळत होते. मला तोंड नाही. ज्याला होतं, तो पुन्हा चष्मा पुसत होता.

महिनाभराने ती कचेरीत आली. लेकीची शाळा सुटली होती. शेजारणीकडे बसून असते, म्हणाली. हातात डबा होता, मामासाठी आणलेला.

"मामा, शाळेमागची गल्ली मोजून द्याल? तिथून काही जमतंय का बघते. तुम्ही नाही म्हणालात तर तोही नाद सोडते."

मोजणीदाराने डब्याला हात लावला नाही. "भिंतीपासून मोजलं नव्हतं मी," तो म्हणाला. "पायरीवर कडी ठेवली. बसून."

"बसून," ती म्हणाली.

"रस्ता एक्केचाळीस भरतो. काल एकटा जाऊन भिंतीला लावून मोजला."

"तुमच्या शब्दावर मी त्या लोकांना घरी पाठवलं. पोरीला सांगितलं, जागाच नाही गं, मामाआजोबांनी स्वतः मोजलंय."

तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तिने टेबलावरचा कोरा कागद ओढला, पेन घेतलं आणि विचारलं, "नवा अर्ज कुणाच्या नावे करायचा, साहेब?"

जन्मल्यापासून ती त्याला मामा म्हणत आली होती. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानेही मान वर केली.

"दे इकडे," मोजणीदार म्हणाला. त्याने स्वतः लिहिलं की मोजणी पायरीपासून केली, ती चूक माझी, सुनावणीत खोटं बोललो तेही मीच. खाली सही केली. तिने कागद वाचला, घडी केली आणि "येते साहेब" म्हणून गेली.

अर्जावर अजून निकाल नाही. कापडवाला आता चौथ्या पायरीला लादी बसवतो आहे.

मित्रांनो, मला उन्हात टाकू नका, पुसून ठेवा, असं मी तुमच्यापाशी मागणार नाही. माझे आकडे झिजले तर नवी टेप मिळते. मागणं एवढंच: मोजायला बसाल तेव्हा कडी कुठं टेकली ते वाकून बघा, आणि वाकला नसाल तर विचारणाऱ्याला तिथल्या तिथं सांगा. महिनाभराने सांगितलेलं खरं अर्जात लिहिता येतं. पण त्या महिन्यात एक पोर घरी बसलेली असते.