मिरवणुकीत उकळलेली शर्यतीची गाडी

मी शर्यतीची गाडी बोलतेय. एकाच माणसाची, वर छत नाही, चारी चाकं उघडी. कडेगावात एका मंगल कार्यालयाच्या दारात मला सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवलंय. नवरदेव माझ्या नाकावर बूट टेकवून फोटो काढतात, वऱ्हाडी सीटमध्ये पानाच्या पिचकाऱ्या मारतात. शिसारी आलीय मला. घाणीची नाही, माणसांची.

माझा जन्म कोइम्बतूरचा. सतरा-अठरा वर्षांच्या पोरापोरींसाठी देशपातळीवर एक शर्यत-मालिका निघाली, तिच्यासाठी आम्ही वीस जणी अगदी एकसारख्या घडलो. गाड्या सारख्याच, म्हणजे जिंकायचं ते चालवणाऱ्याच्या अंगच्या गुणावर. दोन हंगाम चालली आणि मालिका गुंडाळली. तेवढंच काय ते माझं जगणं.

मला विकत घेतलं नानासोंनी, या कार्यालयाच्या मालकांनी. पोराला, जयराजला, रेसर करायचं होतं. जयराज पहिल्याच वळणावर वाळूत घुसला, उतरून ओकला आणि पुन्हा म्हणून शर्यतीला बसला नाही. मग नाइलाजानं गावातल्या संयोगिताला बोलावलं. तिचे वडील नाथाजी फौजेत ट्रक चालवायचे. त्यांनी तिला उसाच्या रानातल्या वाटांवर जीप शिकवलेली. ही पोरगी बसली आणि आपण कशासाठी घडलोय ते मला कळलं. दुसऱ्या हंगामात एकच शर्यत उरली तेव्हा ती गुणांत पहिली होती. तशीच राहिली तर पुढच्या वर्षी वरच्या गटाच्या दुसऱ्या मालिकेत तिला गाडी फुकट मिळणार होती. नाथाजींच्या पेन्शनीत दुसरी वाट नव्हती.

आणि नानासोंना मिरवणूक सुचली. जिंकायच्या आधीच! फेटे, हलगी, गुलाल, जेसीबीतून फुलं. आणि माझ्यात बसलं कोण? जयराज! संयोगिता गर्दीत मागनं चालत होती. तिनं आधीच सांगितलं होतं,

"आवं नाना, हिला पंखा न्हाई. वारं लागलं तरच ही गार ऱ्हाती. मुंगीच्या पावलानं फिरवली तर इंजिन बसंल."

"लय शिकवू नगंस. गावाला गाडी दिसाय पायजे," नानासो म्हणाले.

दीड तास. हलगी थांबेल तिथं मीही थांबायचं. पोटातलं पाणी उकळून वाफ बाहेर पडली, तर लोकांना वाटलं मुद्दाम धूर सोडलाय. टाळ्या वाजवल्या मेल्यांनी! थू!

मेकॅनिकनं जमेल तेवढं केलं. शेवटच्या शर्यतीत संयोगिता नवव्या फेरीपर्यंत सगळ्यांच्या पुढं होती. मग माझं इंजिन जाम झालं. ती उतरली, माझ्यावर हात ठेवून उभी राहिली. रडली नाही. लाजेनं मीच अर्धमेली झाले. विजेतेपद तीन गुणांनी गेलं.

आता ती सांगलीत लोकांना मोटार शिकवते. परवा एका लग्नाला आली आणि नानासोंना म्हणाली, गाडी मला द्या, दुरुस्त करते. दाराची शोभा जाईल, असं म्हणून नानासोंनी हसून विषय टाळला. तेव्हा तिला माझ्याजवळची पाटी दिसली: 'राष्ट्रीय रेसर मा. जयराजदादा यांची विजयी गाडी'. तिनं ती दोनदा वाचली.

"गाडी ठेवा तुमी," ती म्हणाली. "पाटी तेवढी काढा."

पाटी अजून तिथंच आहे. उलट काल तिला लाइटिंग लावलंय. तुम्ही कुणाच्या लग्नाला इकडं आलात तर एवढं करा: मला भंगारवाल्याच्या हवाली करा. भट्टीत वितळेन, पण त्या नावानं उभी राहणार नाही.