वर्षातले दोन रविवार

मी एक जुना गुलाबी झगा आहे. हसू नका, मित्रांनो. चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, अर्पण करताना फादर जे झगे अंगावर घेतात, त्यांतला मी एक. चर्चच्या मागच्या खोलीतल्या लाकडी कपाटात आम्ही पाच भावंडे राहतो. पांढरा नाताळात आणि प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सणात मिरवतो. लाल पवित्र आत्म्याच्या आणि हुतात्म्यांच्या दिवशी निघतो. हिरवा बिचारा बाकीचे वर्षभर राबतो. त्याचा गळा घासून पांढुरका झाला आहे. जांभळा नाताळाआधीच्या आगमनकाळात आणि पुनरुत्थानाआधीच्या उपवासकाळात लागतो. आणि मी? त्या दोन्ही जांभळ्या काळांत माझा एकेकच रविवार. वाट पाहून थकलेल्यांना "धीर धरा, थोडेच राहिले" एवढे सांगायला.

मला एका शिंपीणबाईने शिवले. कापड कडक रेशमी, त्यामुळे चालताना मी सळसळतो. जांभळा जाड लोकरी, अगदी मुका. माझ्या काठाला आतून एक टाका तिरका पडला. बाईने तो उसवला नाही. म्हणाली, "असू दे. माझी खूण."

तेव्हाचे फादर माझ्या रविवारी प्रवचन गाऊनच सांगत. "पहाट झाली नाही अजून, पण कोंबडा आरवला!" एवढे गाऊन ते थांबत आणि सगळे चर्च ती ओळ उचलून धरी. ठेक्यावर माझ्या चुण्या डोलत. काय सांगू ते सुख!

ते फादर वारले आणि नवे आले. मनाने चांगले, पण भारी गंभीर. शिंपीणबाईची मुलगी कपाटाची किल्ली सांभाळते. सगळे तिला मावशी म्हणतात. तिने मला बाहेर काढताच ते म्हणाले, "मावशी, मी आणि गुलाबी? लोक म्हणतील, फादर लग्नाला निघाले! जांभळा चालतो की."

चालतो, हे खरेच होते. मी परत आत गेलो, तो अकरा वर्षे. दाराच्या फटीतून धूपाचा वास आला की मी रविवार मोजायचो.

इकडे शिंपीणबाईची दृष्टी गेली. माझ्या रविवारी पहिल्या बाकावर बसून ती विचारायची, "आज माझा गुलाबी ना गं?"

"हो आई, गुलाबीच," मावशी म्हणायची. मग कपाट बंद करायला येऊन माझ्यात तोंड लपवून रडायची.

यंदाच्या आगमनकाळात म्हातारी हट्टाला पेटली. "फादरांना माझ्यापाशी थांबायला सांग. एकदा हात लावते. पुढच्या खेपेला मी असेन, नसेन."

मावशीने जांभळा चाचपून पाहिला. लोकर का हाताला रेशीम लागणार? शनिवारी दुपारी तिने जांभळा उचलून सरळ बादलीत भिजत घातला.

रविवारी सकाळी फादर बघतच राहिले. "मावशी! आगमनकाळ चालू आहे आणि धुवायला टाकलात?"

"चुकलंच बाई माझं," मावशी जमिनीकडे बघत म्हणाली. "आता हा एवढाच आहे."

मी पुन्हा उजेडात आलो. पहिल्या बाकापाशी फादर थांबले. म्हातारीची बोटे काठावरून सरकत तिरक्या टाक्यापाशी आली आणि तिथेच थांबली.

"अकरा वर्षांनी आलास रे," ती म्हणाली.

मावशी दचकली. "आई, तुला माहीत होतं?"

"माझे डोळे गेलेत, कान नाही. अकरा वर्षांत एकदा तरी सळसळला का हा? पण तू इतक्या मायेने खोटं बोलायचीस, तुझं मन कसं मोडू?"

फादर लाजेने लाल झाले. त्या दिवशी प्रवचनात मध्येच त्यांनी सूर लावला, "पहाट झाली नाही अजून..." सूर पार बाजूला गेला होता, पण पहिल्या बाकावरून एका म्हाताऱ्या आवाजाने ओळ उचलली.

पुढचा उपवासकाळ येण्याआधीच शिंपीणबाई देवाघरी गेली.

मित्रांनो, तुमच्या कपाटातही माझ्यासारखे कोणी पडून असेल. त्याला अधूनमधून ऊन दाखवा. आणि घरात कोणी कशाची वाट पाहत असेल, तर उद्यावर ढकलू नका. आता माझ्या दोन्ही रविवारी फादर स्वतःहून मलाच मागतात. पहिल्या बाकापाशी आले, की रिकाम्या जागेजवळ क्षणभर थांबतात, आणि मी, जमेल तेवढ्या मोठ्याने, सळसळतो.