पान लागलं

रामहरीला बोलायची भारी खोड. रोग्यापाशी बसला की गाव कोणतं, पाव्हणे कोण, बैल किती, सगळं विचारून झाल्यावर मग हा नाडी धरणार. सणसरच्या शेतकऱ्याचा मुलगा, डॉक्टर झाला तरी मूळ कुठं जातंय? पण नोकरीच्या परीक्षेत घंटा व्हायच्या आत रोगी तपासून निदान सांगायचं असतं, तिथं तेच नडलं. दोनदा घंटा झाली तेव्हा याचा हात रोग्याच्या पोटापर्यंत पोचलाच नव्हता. दोन जागा गेल्या. आता इंदापूरच्या दवाखान्याची ही जागाही हुकली, तर दुसऱ्याच्या हाताखाली जन्मभर पुड्या बांधत बसावं लागणार होतं.

म्हणून यंदा त्यानं पक्कं ठरवलं होतं. विचारपूस थोडक्यात, मग डोळे, जीभ, छाती, पोट, आणि घंटेच्या आत निदान. मधे कुणाचं काही ऐकायचं नाही.

परीक्षा बारामतीत होती. पुण्याहून मोठे डॉक्टरसाहेब आले होते. खाटेवर डाळजचा गेणू पायांवर कांबळं घेऊन बसला होता. हिवतापानं त्याच्या पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली, म्हणून त्याला मुद्दाम परीक्षेसाठी बोलावलेलं. बायकोला शिपायानं बाहेरच थांबवलं होतं.

"करा सुरू," साहेब म्हणाले आणि त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं.

"काय होतंय?" रामहरीनं विचारलं.

"डाक्टर, पोटाचं जुनंच हाय, ते ऱ्हाऊ द्या. आत्ता कालव्यावर तोंड धुताना मला पान लागलं. बायकू म्हनली, चला बिगीनं, तितं आज मोठं डाक्टर आल्यात, बरंच झालं."

आमच्या मुलखात सापाचं नाव घेत नाहीत. साप चावला तर पान लागलं म्हणायचं. सणसरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक, आणि रामहरीचा तर सख्खा चुलता पान लागूनच गेला होता. त्यानं हळूच कांबळं उचललं. घोट्याच्या वर पटक्याची चिंधी करकचून बांधलेली, खाली पाय सुजायला लागलेला.

"काय म्हणतोय तो?" साहेबांनी विचारलं.

अहो, एका वाक्याचं काम होतं! पण ते वाक्य बोललं की धावपळ होणार, परीक्षा मोडणार, साहेब पुण्याला निघून जाणार आणि याच्या नावापुढे पुन्हा नापास लिहिणार. पाव तासाचा तर प्रश्न आहे, चिंधी बांधलेलीच आहे, पाव तासानं काय होतंय!

"पान लागलं म्हणतो, साहेब. तंबाखूचं असेल," तो म्हणाला आणि त्यानं कांबळं पुन्हा पायावर ओढलं.

"सकाळी उठून पान!" साहेब हसले. "चला, वेळ जातोय."

"अवं, तसलं पान न्हवं..."

"बोलू नका. जीभ काढा."

गेणूनं जीभ काढली. शिकलेल्या माणसानं सांगितलं की ऐकायचं, एवढंच बिचाऱ्याला माहीत. श्वास घेतला, सोडला, कुशीवर वळला. रामहरीचा हात असा झरझर कधी चालला नव्हता. घंटेआधीच निदान सांगून तो मोकळा झाला. साहेब खूश झाले, आणि खूश झाले म्हणून प्रश्न विचारत बसले. कालव्याचं पाणी, डास, क्विनाईन. रामहरी घडाघडा उत्तरं देत होता आणि गेणूकडे बघायचं टाळत होता.

बघितलं तेव्हा गेणूच्या पापण्या मिटत चालल्या होत्या आणि तोंडातून लाळ गळत होती.

"साहेब, याला साप चावलाय!" रामहरी कांबळं दूर करून ओरडला.

मग एकच धांदल. पायाला चीर दिली, लाल औषध भरलं. साहेबांनी कोट काढून स्वतः खटपट केली. दुपारच्या आत गेणू गेला.

"रोग्यानं नीट सांगायला नको?" साहेब हात धूत म्हणाले. "तुमचा काय दोष? वेळ मात्र छान सांभाळलीत." इंदापूरची जागा तिथल्या तिथं रामहरीची झाली.

ओट्यावर गेणूची बायको ठमाबाई बसली होती. रडून रडून तिचा घसा बसला होता.

"डाक्टर, त्यांनी सांगितलं न्हाय व्हय तुमाला? मी बजावून धाडलं हुतं."

रामहरी अगदी पुणेरी बोलीत म्हणाला, "सांगितलं, बाई. पण मी खायचं पान समजलो."

ठमाबाईनं त्याच्या कोटाकडे बघितलं, बुटांकडे बघितलं आणि मान हलवली.

"खरं हाय. तुमी शिकल्यालं, शहरातलं मानूस. तुमाला कसं कळावं? आमचंच चुकलं, त्याचं नाव घिऊन सांगाया पायजे हुतं."