सकाळचा निरोप

सायकालनं इंटरनेटची वायर काढली, दहापर्यंत आकडे म्हटले आणि परत लावली. पडद्यावर तीच ओळ उमटली. मैत्रिणीचा लॅपटॉप रोज सुरू होताच डोंगरातल्या नारिन गावात कुठेतरी एक बारीकसा निरोप धाडत होता.

"दिसलं ना?" चोल्पोन म्हणाली. "आणि तूच म्हणाली होतीस, ही सिस्टीम घे, हिचा सगळा कोड उघड्यावर असतो, हेरगिरी करायची कुणाची टाप नाही!"

ती सिस्टीम फुकट बनवणाऱ्या मंडळींपैकी सायकाल एक होती. चोल्पोन बिश्केकच्या एका वर्तमानपत्रात सोन्याच्या खाणीवर लिहायची. तिला आतल्या बातम्या देणाऱ्यांची नावं याच लॅपटॉपमध्ये होती, आणि तो सायकालच्या शब्दावर चालत होता.

दुपारभर तिनं एकेक प्रोग्राम बंद करून पाहिला. चोर हाती लागला तेव्हा हसावं की रडावं तिला कळेना. किरगिज भाषेत टाइप करायचा छोटासा प्रोग्राम, किरगिज कीबोर्ड! एसेनकुल आगायांनी, म्हणजे नारिनच्या निवृत्त गणितमास्तरांनी, तो फुकट लिहून दिला होता. सिस्टीममध्ये घ्यायला मंजुरी दिली होती खुद्द सायकालनं.

तिथल्या तिथे तो काढून टाकता आला असता. पण मास्तरांनी असं का करावं, हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागला नसता. दुसऱ्या दिवशी पहाटेच तिनं नारिनला जाणारी मिनीबस, मार्शरुत्का, पकडली.

आगायांनी चहा ओतला, तळलेल्या पिठाचे बोरसोक पुढे सरकवले.

"आगाय, तुमचा कीबोर्ड रोज तुम्हाला काय कळवतो?"

आगाय गडबडले नाहीत. उलट त्यांचा चेहरा खुलला.

"तुला कसं कळलं? कोड वाचलास?"

"वाचला."

"सगळा?" ते उठले आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला जर्दाळूचा मुरंबा घेऊन आले. "मी तिथं चक्क लिहून ठेवलंय, पोरी. 'इथून मला निरोप येतो की आज कुणीतरी आपल्या भाषेत लिहायला बसलं.' अकरा वर्षं झाली. वाचणारी तू पहिली!"

सायकालचे कान तापले. मंजुरी देताना तिनंही वाचलं नव्हतं. नारिनचा माणूस, त्यातून मास्तर, तो कशाला वावगं करेल, म्हणून डोळे मिटून हो म्हटलं होतं.

आगायांनी शाळेची वही उघडली. रोजची तारीख, पुढे त्या दिवशी आलेल्या निरोपांचा आकडा. आजचा चारशे सहा.

"लिहिलेलं एक अक्षरही माझ्याकडे येत नाही हं."

"अक्षर येत नाही, आगाय, पण पत्ता येतो. कोण कुठून, किती वाजता बसलं ते. उद्या कुणी तुमचा कॉम्प्युटर उचलून नेला, तर माझी मैत्रीण सापडेल. तिच्याशी बोलणारी माणसंही सापडतील."

आगायांनी वहीच्या कडा सारख्या केल्या.

"हे माझ्या डोक्यातच आलं नाही," ते म्हणाले. "मला फक्त वाटायचं, कुणीतरी आहे ना तिकडे. काढ. आजच काढ. कॉम्प्युटरमधले पत्ते मी पुसतो, ही वहीही चुलीत घालतो."

सायकालनं ती ओळ काढली. नवी आवृत्ती सोडताना जुनी काय करत होती ते उघडपणे लिहिलं, आणि आपण न वाचता मंजुरी दिली होती, हेही लिहिलं. सगळ्यांत आधी चोल्पोनचा लॅपटॉप बदलला. तरी चोल्पोन आठवडाभर तिच्याशी धड बोलली नाही.

लोक अपडेट करत गेले. दर आठवड्याला आगायांचा फोन यायचा.

"आज एकशे नव्वद."

"आज साठ."

"आज नऊ. छान चाललंय." आवाज मात्र छान नव्हता.

पाचव्या आठवड्यात ते म्हणाले, "एकच उरलाय गं. रोज सकाळी नवाच्या ठोक्याला. बिश्केकचा दिसतो. एवढं सांगूनही अपडेट करत नाही, महाआळशी! त्याला जरा सांग की."

"सांगते, आगाय."

"रागावू नकोस हं त्याच्यावर."

"नाही रागावत."

तिनं फोन ठेवला. तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात पाच आठवड्यांपासूनची सूचना होती: कीबोर्डची नवी आवृत्ती आली आहे. तिनं 'नंतर' दाबलं आणि लिहायला घेतलं.